कावीळ उतरली, मग पाय का उचलत नाही?

जून महिना संपत आला होता. अंबरनाथच्या एका वस्तीत महिला मंडळाची बैठक आटोपून आम्ही निघालो, तेव्हा एक वहिनी मागे रेंगाळल्या. थोड्या लाजतच म्हणाल्या, "ताई, ह्यांची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि ह्यांना कळतच नाही. मागं वळून बघतात तर चप्पल चार पावलं मागं पडलेली."

बाकीच्या बाया हसल्या. आम्हाला मात्र हसू आले नाही. आम्ही विचारले, "दादांना मध्यंतरी काही आजार झाला होता का?" वहिनी म्हणाल्या, "कावीळ झाली होती, पण ती उतरली. डोळे पांढरे झाले. सोमवारपासून कामावर जायचं म्हणत होते."

घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, चढायला लोखंडी शिडी. दादा पंचविशीतले, कंपनीत कंत्राटी कामगार. तीन आठवडे घरी बसलेले, म्हणजे तीन आठवड्यांचा रोज बुडालेला. त्यांनी सांगितले ते असे: चार दिवसांपूर्वी तळपायाला मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चप्पल निसटू लागली. आदल्या रात्री शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय वर येईना, म्हणून खालीच झोपले. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात दोन बाटल्या सलाइन आणि ताकदीचे इंजेक्शन घेऊन झाले होते. आईचे म्हणणे होते, "महिनाभर नुसत्या पेजेवर आहे पोरगं. ताकद कुठून येणार?"

आम्ही दादांना उकिडवे बसायला सांगितले आणि हात न टेकता उठा म्हटले. त्यांना उठता आले नाही. दोनदा जोर लावला आणि भिंतीला धरून बसले. मग सांगितले, मोठा श्वास घ्या आणि एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हणा. ते 12 वर थांबले. घरच्यांचा सूर होता, आज रात्र जाऊ द्या, उद्या सकाळी बघू. आम्ही 108 ला फोन लावला.

त्या दिवशी एका खासगी रुग्णालयात आधी अनामत रक्कम भरा म्हणून दोन तास गेले. नाव घेत नाही. शेवटी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. त्याच रात्री दादांचा आवाज गेंगाणा झाला, प्यायलेले पाणी नाकातून येऊ लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. घरच्यांनी "उद्या सकाळी" म्हटले होते, त्यापुढची ही दुपार. तेव्हा ते घरी असते तर काय झाले असते, ते वहिनींना सांगायची आमची हिंमत झाली नाही.

रक्ततपासणीत कावीळ हेपॅटायटिस ई या विषाणूची निघाली. पायाच्या दुखण्याचे नाव होते गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस.

हे नाव आपल्याकडे आता अगदीच अनोळखी नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या भागात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. एरवी वर्षभरात लाखामागे एखाद-दोघांना होणारा हा आजार तिथे काही आठवड्यांत दोनशेहून जास्त जणांना झाल्याची नोंद झाली. तेव्हा टीव्ही बघून वस्तीत सगळे विचारत होते, हा नवीन रोग कुठून आला? हा रोग नवा नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागणाराही नाही. पुण्यात बऱ्याच रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला. तो पोटात जातो दूषित अन्नपाण्यातून. आधी जुलाब होतात, ते थांबतात, माणूस बरा झाला असे वाटते आणि मग पाय लुळे पडायला लागतात.

कावीळनंतर घडते ते याच जातीचे. अंगात जंतू शिरला की आपले शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. क्वचित एखाद्याच्या बाबतीत या प्रतिपिंडांची गफलत होते. शरीराच्या नसांवर विजेच्या वायरीसारखे आवरण असते. त्याला किंवा आतल्या तारेलाच ती शत्रू समजतात आणि हल्ला करतात. आवरण सोलवटले की मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कावीळ उतरत असताना, कधी उतरल्यावर काही दिवसांनी, हे दुखणे डोके वर काढते. जंतूशी लढाई आटोपत आलेली असते आणि नसांवरचा मार तेव्हाच सुरू होतो.

2000 साली लुधियानाच्या डॉक्टरांनी हेपॅटायटिस ई आणि जीबीएस एकत्र झालेला रुग्ण वैद्यकीय मासिकात नोंदवला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक. पुढे बांगलादेशात जीबीएसच्या 100 रुग्णांचे रक्त तपासले, तर 11 जणांना नुकतीच हेपॅटायटिस ईची लागण झालेली दिसली. नेदरलँड्समध्ये 201 पैकी 10 जणांना. तिथे तर पाणी आपल्यासारखे नाही. हेपॅटायटिस ए नंतरही असे रुग्ण सापडतात, पण कमी.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. कावीळ झालेल्या बहुतेकांना यातले काहीही होत नाही. दोन ते सहा आठवड्यांत ते आपोआप बरे होतात. पण आपल्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात कावीळच इतक्या घरांत असते की क्वचित होणारी गोष्टही कुणाच्या तरी वाट्याला येतेच. आणि ती येते तेव्हा ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली झाकली जाते. आम्ही वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हा आमच्याही हातून केसपेपरवर "विकनेस" एवढेच लिहून पुढच्या खाटेकडे जाणे झाले आहे. ती चूक आज सांगतो, कारण तीच चूक घराघरांत होते.

मग साधा अशक्तपणा आणि नसांचे दुखणे यात फरक कसा ओळखायचा? कावीळचा थकवा सगळ्या अंगाला सारखा असतो. उठावेसे वाटत नाही, पण घरात कुणी पडले तर माणूस धडपडत का होईना, उठतो. नसांच्या दुखण्यात उठायची इच्छा असते, मन तयार असते, पाय ऐकत नाही. ते बहुधा दोन्ही पायांत सुरू होते आणि खालून वर चढत जाते: आधी मुंग्या किंवा पायाखाली कापूस ठेवल्यासारखे वाटणे, मग चप्पल निसटणे, मग जिना, मग हात. पाठीत आणि पोटऱ्यांत चमका मारणारे दुखणेही असू शकते. कावीळ झालेल्या माणसाला रोज संध्याकाळी तीन गोष्टी करून बघायला सांगा. टाचांवर चार पावले चालणे, चवड्यांवर चार पावले चालणे, आणि उकिडवे बसून हात न टेकता उठणे. काल जमले ते आज जमत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय. सकाळपर्यंत थांबू नका.

श्वासाचे आकडे म्हणजे घाई न करता, सेकंदाला साधारण दोन, असे म्हणायचे. धडधाकट मोठा माणूस एका श्वासात 20 च्या पुढे सहज जातो. 15 च्या आत अडकत असेल, गिळताना ठसका लागत असेल, आवाज बदलला असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा डोळा पूर्ण मिटत नसेल, तर ती तातडी आहे. आकडे नीट म्हणता आले म्हणजे घरी थांबायला हरकत नाही, असा अर्थ मात्र काढू नका. या आजारात चार-पाच जणांतल्या एकाला श्वासाचे यंत्र लागते आणि ते कुणाला लागेल हे पहिल्या दिवशी कळत नाही.

15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला तर आशाताईंना लगेच कळवा. पोलिओवर लक्ष ठेवण्यासाठी अशा प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने तपासायला पाठवणे आरोग्य खात्याला बंधनकारक आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणखी एक प्रकार बायकांनी जरूर लक्षात ठेवावा, कारण तो स्वयंपाकघरात दिसतो. बदलापूरच्या आमच्या एका मैत्रिणीला कावीळमध्ये एका रात्री दोन्ही खांद्यांत इतके दुखायला लागले की ती बसून रडली. आठवड्याभरात दुखणे ओसरले, पण केसांचा अंबाडा बांधायला हात वर जाईना, वरच्या फळीवरचा डबा निघेना. सासूबाई म्हणाल्या, उशीवर मान अवघडली. तेलाचे मालिश झाले, ओढूनताणून खांदे "बसवून" झाले. ही खांद्याकडे जाणाऱ्या नसांची सूज होती. हेपॅटायटिस ईमध्ये ती बऱ्याचदा दोन्ही बाजूंना येते. यात जीव जात नाही, पण हात महिनोन्महिने दुबळे राहतात. तिचे शिवणकाम आठ महिने बंद होते. खांदे ओढून काही बसत नाही, उलट इजा होते.

आता याच्याबरोबर एक वेगळी गोष्ट, जिची गल्लत करू नये. काविळीत माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, बोलताना अडखळतो, घरच्यांची नावे चुकवतो, चिडतो, हात पुढे धरले तर ते पाखराच्या पंखासारखे फडफडतात. हे नसांचे दुखणे नाही. यकृत निकामी होऊ लागले आहे आणि ते ज्या घाणीचा निचरा करते ती मेंदूवर चढते आहे, याचे हे लक्षण. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हेपॅटायटिस ई झाला तर जिवाचा धोका शंभरात 20 ते 25 इतका सांगितला जातो. आमच्या नोकरीच्या काळात रात्रपाळीला एक आठव्या महिन्याची मुलगी आली होती. नवरा सांगत होता, "सिस्टर, दोन दिवसांपासून शांत झोपतेय, म्हणून उठवली नाही." त्याला वाटले, बायकोला आराम मिळतोय. ती गेली. बाळही गेले. तो माणूस पुढचे कितीतरी दिवस वॉर्डाच्या दारात येऊन आम्हाला विचारत असे, उठवली असती तर? आम्ही काय उत्तर देणार? कावीळ झालेल्या गरोदर बाईला घरात ठेवू नका. आणि कावीळच्या रुग्णाला झोपेची गोळी, अंगदुखीची गोळी, कुणाच्या ओळखीची पुडी, काही म्हणजे काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पुडीचा विषय निघालाच आहे तर माळेचाही काढू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही ठिकाणी कावीळ "उतरवणारे" आहेत आणि आपले शिकलेले लोकही जातात. गळ्यातली माळ दिवसेंदिवस लांब होते, म्हणजे कावीळ उतरली. अहो, ओल्या काड्यांचे तुकडे वाळतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, माळ लांबणारच. ती खुंटीला टांगून ठेवली तरी लांबेल. हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, त्यामागे आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी असते. कावीळ न झालेल्याचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. अंगावर डाग देणे, नाकात रस पिळणे हे तर सरळ जखमा करणारे. कावीळ आपोआप बरी होणारीच असते, म्हणून श्रेय माळेला मिळते. खरे नुकसान पैशांचे नाही. पायाला मुंग्या आल्या की माणूस पुन्हा त्याच माळवाल्याकडे जातो आणि हातातले चार दिवस जातात.

जीबीएसवर उपचार आहेत. एक, पाच दिवस शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन. दुसरा, रक्तातला प्लाझ्मा बदलणे. दोन्ही सारखेच उपयोगी आणि पहिल्या दोन आठवड्यांत दिले तर गुण चांगला. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने यात फायदा होत नाही, सलाइनने तर नाहीच. आपल्याकडून पहिली धाव उल्हासनगर कॅम्प 3 चे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय इथे असते. तिथे गेल्यावर फक्त "खूप अशक्तपणा आहे" असे सांगू नका. असे सांगा: "इतक्या दिवसांपूर्वी कावीळ झाली होती. अमुक दिवसापासून दोन्ही पायांची ताकद कमी होत चालली आहे. आज उकिडवे बसून उठता येत नाही." तारखा कागदावर लिहून न्या. मेंदूविकार विभाग आणि अतिदक्षता कक्ष सायन, केईएम, नायर, जे. जे. अशा मोठ्या रुग्णालयांत असतात. तिकडे पाठवले तर लोकलने नेऊ नका, 108 मागा. वाटेत श्वास अडला तर डब्यात काही करता येत नाही.

पैशांचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी गाठा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते, पण तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागाहून देण्याची सोय आहे. रेशनकार्डात लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढवलेले नसते. वस्तीत आम्ही हे सतत पाहतो. ते काम आजारपणाच्या आधी करा.

हे सगळे येते पाण्यातून. हेपॅटायटिस ए आणि ई दोन्ही विषाणू रुग्णाच्या शौचातून पाण्यात उतरतात. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. पाणी शुद्धीकरण केंद्रातूनच येत होते. तेव्हा ती नेहमीची कावीळ समजली गेली. बऱ्याच वर्षांनी जपून ठेवलेले रक्त तपासले गेले, त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ होते, आणि 1980 मध्ये कळले की तो ‘ए’ही नव्हता, ‘बी’ही नव्हता. पुढे त्यालाच ‘ई’ नाव मिळाले. आपल्या राज्यात 2012 मध्ये इचलकरंजीत याच ‘ई’ची मोठी साथ आली होती.

आपल्या गल्लीत हे कसे घडते ते बघा. पाणी काही तास येते आणि मग बंद होते. बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. पाइप गटारातून जात असेल आणि त्याला कुठे चीर असेल, तर गटाराचे पाणी आत खेचले जाते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. मोटर एका घराची, घाण सगळ्या गल्लीची. म्हणून पाणी आल्यावर पहिल्या दोन बादल्या धुण्याभांड्याला वापरा. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. फडक्याने गाळूनही नाही. पाणी खळखळून उकळी फुटेपर्यंत तापवून, मिनिटभर तसेच उकळू द्यायचे. गॅस परवडत नसेल तर निदान घरात कावीळ, गरोदर बाई किंवा लहान मूल असताना तरी. आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर मिळाले तर बाटलीवर लिहिले आहे तितकेच टाकून अर्धा तास थांबा. आरोग्य कर्मचाऱ्याला नळावर ओटी टेस्ट करून दाखवायला सांगा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. ते पिवळे झाले नाही, तर तारीख-वेळ लिहून घ्या.

थोडे आपल्याच घरातले बोलू. 14 एप्रिलला आपण ठिकठिकाणी सरबताचे, ताकाचे स्टॉल लावतो. त्यातला बर्फ कुठून येतो? मासळी ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. लागण झाल्यापासून कावीळ दिसायला दोन ते नऊ आठवडे लागू शकतात, म्हणून मे-जूनमध्ये आजारी पडलेल्याला एप्रिलचा ग्लास आठवत नाही. यंदा आमच्या मंडळाने बर्फ बंद केला आणि माठ भरले. पोरांनी कुरकुर केली. कावीळ झाली की आपण उसाचा रस पाजतो, तो गाडीवरचा, त्याच बर्फाचा, तेही थांबवा. हळद-तेल पूर्ण बंद करून माणसाला पेजेवर ठेवायची गरज नाही. भात, भाकरी, डाळ, केळी, खाववेल ते साधे अन्न थोडे थोडे द्या.

अंबरनाथचे दादा अकरा दिवस यंत्रावर होते आणि सव्वा महिन्याने घरी आले. घरी आले म्हणजे बरे झाले नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पायाचे सांधे हलवून द्यायचे, पाऊल लोंबू नये म्हणून आधार लावायचा, हे सगळे वहिनींनी केले आणि सकाळी चार घरची धुणीभांडीही केली. मुळापासून दुखावलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे कमरेपासून पायापर्यंत किती दिवस, ते सांगा." त्यांनीच टेप आणून मोजले. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. दादांना सात लागले. पोटमाळ्याची शिडी ते आता चढतात, उतरताना मात्र कुणीतरी खाली उभे राहावे लागते. कंपनीतली जागा गेली.

त्यांच्या घराची नळजोडणी रबरी नळीने जोडलेली, गटारातून आलेली होती. ओळीतल्या आठ घरांनी मिळून लोखंडी पाइप भिंतीवरून, गटाराच्या वरून न्यायचे ठरवले. पाच घरांचे पैसे जमा झालेत. प्लंबर म्हणतो, पूर्ण पैसे आल्याशिवाय हात लावणार नाही. उरलेल्या तीन घरांकडे रविवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी दादाही बरोबर येतो म्हणालेत.